हलते-बोलते आलेख एल्ममध्ये: आधी अवस्था, मग चित्र, टूलटिप शेवटी

एल्म ही ब्राउझरमध्ये चालणारी पानं लिहायची प्रोग्रॅमिंग भाषा. तिच्यासाठीची एल्म-चार्ट्स ही लायब्ररी घेऊन एखादा स्थिर आलेख काढणं फारसं अवघड नाही. गाडी अडते ती त्यानंतर. कर्सर नेला की त्या जागेची माहिती छोट्या चौकटीत (टूलटिपमध्ये) दिसावी, ओढून हवा तो भाग मोठा करता यावा, एका आलेखात केलेली निवड खालच्या आलेखातही उमटावी, अशा मागण्या आल्या की कोड भराभर गुंतत जातो. बहुतेकांची सुरुवातच टूलटिपपासून होते, कारण उदाहरणात ती आयती मिळते. मग दुसरा आलेख जोडताना मॉडेलचा (प्रोग्रॅमनं लक्षात ठेवलेल्या सगळ्या माहितीचा) प्रकार बदलावा लागतो, त्यापाठोपाठ अपडेट (प्रत्येक कृतीचा मेसेज आला की मॉडेल बदलणारं फंक्शन) बदलतं, आणि शेवटी पाया पुन्हा खणावा लागतो.

मूळ कारण असं की या पद्धतीत आलेखाला स्वतःची आठवण नसते. तो निव्वळ एक फंक्शन असतो. डेटा आणि वापरणाऱ्यानं आतापर्यंत काय केलं त्याची नोंद आत जाते, चित्र बाहेर येतं. संवाद चित्रात राहत नाही, त्या नोंदीत राहतो. म्हणून ती नोंद, म्हणजे अवस्था, आधी ठरवायची आणि चित्राकडे नंतर वळायचं. पुढचे टप्पे त्याच क्रमानं दिले आहेत आणि क्रम मोडू नये असा माझा आग्रह आहे.

उदाहरण सगळीकडे एकच घेऊ: हवामानाच्या ताशी नोंदी. प्रत्येक नोंदीत वेळ, तापमान आणि आर्द्रता, आणि अधूनमधून एखादं मोजमाप गहाळ. एकाखाली एक दोन आलेख काढायचे आहेत. कुठल्याही एकावर कर्सर नेला तर दोन्हींत तीच वेळ दिसली पाहिजे, आणि एकात ओढून भाग निवडला तर दोन्ही आलेख त्या भागापुरते मोठे झाले पाहिजेत.

एक सूचना: फंक्शनांची नावं इथे देवनागरीत आणि सुटी लिहिली आहेत. कोडमध्ये ती रोमन लिपीत, मधल्या जागा न सोडता लिहायची असतात. एल्मची आवृत्ती ०.१९.१ गृहीत धरली आहे.

## टप्पा १: आधी कागद, मग कीबोर्ड

कागदाचे तीन रकाने करा. पहिल्यात वापरणारा काय काय करू शकतो ते लिहा: कर्सर फिरवणं, ओढणं, पूर्ववत करणं. दुसऱ्यात त्या प्रत्येक कृतीपायी काय लक्षात ठेवावं लागेल ते. तिसऱ्यात, लक्षात न ठेवताही काय काढता येईल ते.

तिसऱ्या रकान्याकडे सगळ्यांचं दुर्लक्ष होतं आणि खरी बचत तिथेच असते. दिसणाऱ्या भागातल्या नोंदी, त्यांची सरासरी, टूलटिपचा मजकूर, उभ्या रेषेची जागा हे सगळं डेटा आणि अवस्था यांतून काढता येतं. यातलं काहीही मॉडेलमध्ये साठवलंत, तर एकच माहिती दोन ठिकाणी होते आणि कधीतरी त्या दोन जागांचं एकमेकींशी पटेनासं होतं.

आपल्या उदाहरणात दुसऱ्या रकान्यात तीनच गोष्टी उरतात: कर्सरखालची वेळ, सध्या दिसणारी खिडकी (म्हणजे वेळेचा दिसणारा भाग) आणि चालू असलेली ओढ.

तपासा: दुसऱ्या रकान्यात ‘टूलटिप दिसते आहे का’ असं हो-नाही उत्तराचं काही आलं असेल, तर ते खोडा. कर्सरखालची वेळ असेल तर टूलटिप आहे, नसेल तर नाही.

## टप्पा २: प्रकल्पाची मांडणी

रिकाम्या फोल्डरमध्ये ‘एल्म इनिट’ चालवा. त्यानंतर ‘एल्म इन्स्टॉल’ वापरून तेरेझ्का/एल्म-चार्ट्स हे पॅकेज घ्या. त्याच आज्ञेनं एल्म/जेसन, एल्म/टाइम आणि एल्म/एचटीटीपी हीसुद्धा घ्या. यातली पहिली दोन अप्रत्यक्ष (दुसऱ्या पॅकेजांना लागणारी) म्हणून आधीच आलेली असतात, पण अप्रत्यक्ष पॅकेज तुमच्या कोडमध्ये इम्पोर्ट करता येत नाही. इन्स्टॉलची आज्ञा दिली की ती प्रत्यक्षच्या यादीत येतात. ‘मॉड्यूल सापडत नाही’ हा नवख्यांना हमखास मिळणारा एरर बहुधा इथूनच येतो.

मुख्य प्रोग्रॅमसाठी ‘ब्राउझर सँडबॉक्स’ घेऊ नका, ‘ब्राउझर एलिमेंट’ घ्या. सँडबॉक्समध्ये सर्व्हरकडून डेटा मागवता येत नाही, वापरणाऱ्याचा टाइमझोन विचारता येत नाही आणि सबस्क्रिप्शनही (बाहेरच्या घटना ऐकत राहण्याची सोय) लावता येत नाही. आपल्याला तिन्ही लागणार आहेत.

## टप्पा ३: डेटा स्वच्छ करून आत घ्या

नोंदीसाठी तीन फील्डांचं एक रेकॉर्ड करा: वेळ फ्लोट, तापमान ‘मेबी फ्लोट’, आर्द्रता ‘मेबी फ्लोट’. फ्लोट म्हणजे दशांश संख्या, आणि ‘मेबी’ म्हणजे मूल्य असेल तर ‘जस्ट’मध्ये, नसेल तर ‘नथिंग’. वेळ फ्लोट का? कारण लायब्ररी दोन्ही अक्षांवर फ्लोटच मागते. पूर्णांक दिलात तर कंपायलर अडवेल. तिथे ‘टू फ्लोट’ लावायचं, पण व्ह्यूमध्ये (मॉडेलवरून पान काढणाऱ्या फंक्शनमध्ये) नाही, डिकोडरमध्येच (आलेला जेसन डेटा एल्मच्या प्रकारात आणणाऱ्या कोडमध्ये).

गहाळ मोजमापाच्या जागी शून्य घालायचा मोह टाळा. तापमान शून्य असू शकतं, त्यामुळे खोटा शून्य खऱ्यात मिसळला की तो पुन्हा ओळखता येत नाही.

डिकोडर लिहिताना एक छुपा सापळा आहे. ‘डिकोड मेबी’ हे नाव बघून ते गहाळ मोजमापासाठीच असेल असं वाटतं. पण ते आतली प्रत्येक चूक गिळतं. फील्डचं नाव चुकलं, आकड्याऐवजी मजकूर आला, तरी ते मुकाट्यानं ‘नथिंग’ देतं. सगळा आलेख रिकामा दिसतो आणि एरर कुठेच नाही. त्याऐवजी ‘फील्ड’च्या आत ‘नलेबल’ वापरा. मग नल आलं तरच ‘नथिंग’ मिळेल, बाकी चुका चूक म्हणूनच समोर येतील.

डेटा हाती आला की लगेच, अपडेटमध्येच, तीन कामं उरका:

१. वेळेनुसार क्रम लावा. रेष यादीच्या क्रमानं जोडली जाते. क्रम विस्कटलेला असेल तर रेष मागेपुढे उड्या मारते.

२. वेळेचं एकक बघा. एल्मला मिलिसेकंद लागतात, पण अनेक सर्व्हर सेकंद पाठवतात. हजारानं गुणायचं राहिलं, तर सगळ्या नोंदी जानेवारी १९७० मध्ये गोळा झालेल्या दिसतील.

३. एकाच वेळेच्या दोन नोंदी असतील तर कुठली ठेवायची ते ठरवा. पुढे वेळ हीच आपली ओळखखूण होणार आहे, त्यामुळे ती एकमेव असली पाहिजे.

मॉडेलमध्ये डेटासाठी रिकामी यादी ठेवून सुरुवात करू नका. ‘येतोय’, ‘आला नाही’ आणि ‘आला’ असे तीन पर्याय असलेला प्रकार करा. रिकामा आलेख बघून डेटा यायचाय, की आणताना बिघडलंय, की खरंच नोंदी नाहीत, हे कळायला दुसरा मार्ग नसतो.

तपासा: पहिली आणि शेवटची नोंद, एकूण नोंदी आणि ‘नथिंग’ किती, एवढं साध्या मजकुरात पानावर छापा. हे आकडे मूळ फाइलशी जुळेपर्यंत आलेखाची एकही ओळ लिहू नका.

## टप्पा ४: आधी मुका आलेख

‘चार्ट’ या फंक्शनला दोन याद्या लागतात. पहिल्या यादीत गुणधर्म: रुंदी, उंची, मार्जिन, मर्यादा, इव्हेंट. दुसऱ्या यादीत घटक: अक्षांची लेबलं, जाळी, मालिका, रेषा, टूलटिप. घटकांची ही यादी म्हणजेच जुळणी करायची जागा. तिथली प्रत्येक गोष्ट स्वतंत्र मूल्य असते, त्यामुळे ती वेगळ्या फंक्शनमध्ये काढता येते, अट लावून घालता येते, दोन आलेखांत वाटून घेता येते.

आपल्या डेटासाठी ‘सिरीज’ला वेळ काढणारं फंक्शन द्या आणि तिच्या आत ‘इंटरपोलेटेड मेबी’ला तापमान काढणारं. साधं ‘इंटरपोलेटेड’ फ्लोट मागतं, ‘मेबी’वालं गहाळ मोजमाप असेल तिथे रेष तोडतं. रेष तुटलेली दिसणं हेच योग्य आहे. ती सांधायला जाऊ नका.

वेळेच्या अक्षासाठी लेबलांना ‘टाइम्स’ हा गुणधर्म टाइमझोनसकट द्या. टाइमझोन मॉडेलमध्ये ठेवा. सुरुवात यूटीसीनं करा आणि ‘टाइम हिअर’चं उत्तर आलं की बदला. टूलटिपमधली वेळही याच झोनमधून काढायची. अक्षावर स्थानिक वेळ आणि टूलटिपमध्ये यूटीसी ही गफलत चालू पानांवरही दिसते, आणि ती सांगणारा एररही येत नाही.

सावधान: ‘रेंज’ आणि ‘डोमेन’ हे शब्द इथे वेगळ्या अर्थानं येतात. एल्म-चार्ट्समध्ये ‘रेंज’ म्हणजे आडव्या अक्षाची मर्यादा आणि ‘डोमेन’ म्हणजे उभ्या अक्षाची. डी-थ्री ही जावास्क्रिप्टची आलेख-लायब्ररी वापरून आलेल्यांच्या बोटांना वेगळी सवय असते. तिथे डोमेन म्हणजे डेटाची मर्यादा आणि रेंज म्हणजे पडद्यावरची.

रुंदी-उंचीच्या आकड्यांबद्दलही असाच गैरसमज असतो. आलेख आपल्या वेष्टनाच्या मापात ताणला जातो. तुमच्या आकड्यांमुळे ठरतं ते प्रमाण. म्हणून अरुंद वेष्टनात अक्षरंही लहान होतात. खरी रुंदी बाहेरच्या डिव्हला सीएसएसनं द्या. लेबलं चौकटीबाहेर जात असतील तर ‘मार्जिन’ वाढवा.

तपासा: गहाळ मोजमापाच्या जागी रेष तुटते का? पहिल्या आणि शेवटच्या नोंदीची वेळ अक्षावर बरोबर दिसते का? हे झाल्याशिवाय पुढे नको.

## टप्पा ५: अवस्थेचे प्रकार लिहा

इथे रचना कळावी म्हणून मराठी नावं घेतो:

कर्सर वेळ = मेबी फ्लोट
खिडकी = पूर्ण | भाग पासून पर्यंत
ओढ = नाही | चालू सुरुवात आत्ता

खिडकी आणि ओढ एकाच प्रकारात कोंबाव्यात असं पटकन वाटतं: काही नाही, ओढतोय, झूम झालंय. पण आधीच मोठा केलेला भाग पुन्हा ओढून आणखी मोठा करायचा असेल तर? ओढ सुरू होताच सध्याची खिडकी हरवते आणि आलेख क्षणभर पूर्ण आकाराला जाऊन परत येतो. या दोन गोष्टी स्वतंत्रपणे बदलतात, म्हणून त्यांना जागाही स्वतंत्र द्या.

उलट, एकत्र बदलणाऱ्या गोष्टी सुट्या ठेवू नका. ‘ओढतोय का’ असा बूलियन (हो-नाही मूल्य) आणि त्याशेजारी दोन ‘मेबी फ्लोट’ ठेवले, तर ‘ओढतोय, पण सुरुवात नाही’ अशी निरर्थक स्थितीही कंपायलरला मान्य होते. वरच्या प्रकारात ती लिहिताच येत नाही.

आता महत्त्वाचं. उदाहरणांमध्ये कर्सरखालचा बिंदू लायब्ररीच्या ‘आयटम’च्या (आलेखात काढलेला बिंदू, त्याच्या नोंदीसकट) यादीत साठवलेला दिसेल. एकाच आलेखासाठी ते चालतं. आपण मात्र आयटम साठवणार नाही, वेळ साठवणार आहोत. त्याला तीन कारणं आहेत. आयटम एका आलेखातला असतो, दुसऱ्या आलेखाला त्याचा उपयोग नसतो. नवा डेटा आला तरी आयटम जुन्याच नोंदीला चिकटून राहतो. आणि आयटमच्या पोटात फंक्शनं असतात, त्यामुळे दोन आयटम दोन बरोबरच्या चिन्हानं ताडून बघायला गेलात तर एल्म चालू प्रोग्रॅममध्ये कोसळू शकतो. एल्ममध्ये रनटाइम एरर जवळपास येत नाहीत, पण फंक्शनांची तुलना हा त्यातला जिवंत अपवाद आहे.

## टप्पा ६: कर्सरचा इव्हेंट

कालमालिकेसाठी ‘गेट निअरेस्ट एक्स’ वापरा. ते फक्त आडवं अंतर बघतं, म्हणून कर्सर रेषेच्या वर असो की खाली, योग्य तास सापडतो. ‘गेट निअरेस्ट’ दोन्ही दिशांचं अंतर मोजतं. विखुरलेल्या बिंदूंच्या आलेखात ते बरोबर, पण इथे रेषेत तीव्र चढ असेल तर कर्सर एका तासावर आणि टूलटिप शेजारच्या तासावर असं होतं.

या फंक्शनकडून आयटमांची यादी येते. चार्ट इव्हेंट्सच्याच ‘मॅप’नं तिचं तिथल्या तिथे वेळेत रूपांतर करा: यादीतला पहिला आयटम, ‘गेट डेटा’नं त्याची नोंद, नोंदीतली वेळ. मेसेजमधून ‘मेबी फ्लोट’ एवढंच पुढे जाऊ द्या. मग अपडेटला लायब्ररीच्या प्रकारांची ओळखही ठेवावी लागत नाही. उद्या लायब्ररीची नवी आवृत्ती आली तर बदल व्ह्यूपुरताच राहतो.

सावधान: एका आलेखावर ‘ऑन माउस मूव्ह’ दोनदा लावू नका. कर्सरसाठी एक, ओढण्यासाठी एक असं सहज लिहिलं जातं, कंपाईलही होतं, पण एल्म एका घटकावर एका इव्हेंटचा एकच हॅंडलर ठेवतं. एक टिकतो, दुसरा गुपचूप जातो. त्याऐवजी ‘मॅप टू’ वापरून जवळची वेळ आणि ‘गेट कोऑर्ड्स’कडून आलेला बिंदू दोन्ही एकाच मेसेजमध्ये बांधा. ओढ चालू आहे की नाही ते अपडेट ठरवेल.

अपडेटमध्ये आणखी एक तपशील सांभाळा. आलेली वेळ आधीचीच असेल तर मॉडेल जसंच्या तसं परत करा. नवीन ‘जस्ट’ तयार करून तेच मूल्य पुन्हा भरू नका. आत्ता हा फरक क्षुल्लक वाटेल, नवव्या टप्प्यात त्याचं कारण कळेल.

‘ऑन माउस लीव्ह’ला कर्सरची वेळ पुसा, ओढ मात्र तशीच राहू द्या.

## टप्पा ७: तुकडे जोडा

आता एकच आलेख-फंक्शन लिहा. त्याला द्यायच्या गोष्टी: मोजमाप काढणारं फंक्शन, नाव, एकक, रंग, उभ्या अक्षाची मर्यादा आणि मॉडेल. तापमान आणि आर्द्रता हे त्याच फंक्शनचे दोन वापर. एल्ममध्ये रेकॉर्डचं फील्ड काढणारं फंक्शन आयतं मिळतं, टिंब आणि फील्डचं नाव एवढंच लिहायचं, त्यामुळे ते सरळ देता येतं. दोन आलेख कॉपी-पेस्ट करून बनवलेत, तर आठव्या टप्प्यातली प्रत्येक दुरुस्ती दोनदा करावी लागेल आणि त्यातली एक विसरली जाईल.

दोन्ही आलेख एकाच अक्षचौकटीत कोंबायचा विचार सोडून द्या. अंश आणि टक्के एका उभ्या अक्षावर नांदत नाहीत.

घटकांची यादी या क्रमानं भरा: जाळी आणि लेबलं, मग मालिका, मग निवडीचा आयत, मग उभी रेषा आणि शेवटी टूलटिप. एसव्हीजीमध्ये (आलेख ज्या चित्रप्रकारात काढला जातो त्यात) नंतरचं आधीच्यावर रंगवलं जातं. आयत मालिकेच्या आधी आला तर तो रेषेखाली जातो, आणि टूलटिप मध्येच कुठे आली तर तिच्यावरून रेष जाऊ शकते.

उभ्या रेषेसाठी ‘लाइन’ला फक्त ‘एक्स वन’ द्या, ती आपोआप पूर्ण उंचीची होते. कर्सरची वेळ असेल तर एका घटकाची यादी, नसेल तर रिकामी, आणि या याद्या जोडायच्या. ‘काही नसेल तर पारदर्शक रेषा’ असले उपद्व्याप करावे लागत नाहीत.

टूलटिपसाठी ‘ईच डॉट’ घ्या. ते प्रत्येक बिंदू तुमच्या फंक्शनकडे देतं. बिंदूच्या नोंदीतली वेळ मॉडेलमधल्या वेळेशी जुळली तर ‘टूलटिप’ द्या, नाहीतर रिकामी यादी. फ्लोटची तुलना एरवी धोक्याची, पण इथे दोन्ही मूल्यं एकाच यादीतून, काहीही गणित न होता आलेली आहेत, म्हणून चालते. मधे कुठे भागाकार किंवा गोलाई घुसवली तर चालणार नाही.

खरं सांगायचं तर दोन आलेख असतील तेव्हा तरंगत्या टूलटिपपेक्षा आलेखांच्या वर एक माहितीची ओळ मला जास्त सोयीची वाटते: वेळ, तापमान, आर्द्रता. ती थेट नोंदीवरून बनते, बोटाखाली झाकली जात नाही आणि मोजमाप गहाळ असेल तिथे ‘नोंद नाही’ असं स्पष्ट लिहिता येतं.

सावधान: एका आलेखातल्या सगळ्या घटकांचा डेटा-प्रकार एकच लागतो. वेगळ्या रेकॉर्डांची यादी, उदाहरणार्थ रोजचा पाऊस, त्याच आलेखात मालिका म्हणून घालायला गेलात तर कंपायलर नकार देईल. आधी दोन्ही एका प्रकारात आणा किंवा तिसरा आलेख करा.

तपासा: दोन्ही आलेखांना मार्जिन सारखंच आहे ना? सामायिक गुणधर्मांची एक यादी करून दोन्हीकडे तीच जोडा. मार्जिन वेगळं असेल तर वरची आणि खालची उभी रेषा एका सरळीत येत नाही, आणि बघणाऱ्याला वाटतं की डेटाच चुकलाय.

## टप्पा ८: ओढून भाग मोठा करणं

सगळ्यात जास्त चुका इथे होतात. क्रम असा ठेवा.

१. ‘ऑन माउस डाउन’ला ‘गेट कोऑर्ड्स’ द्या. मिळणारा बिंदू पिक्सेलमध्ये नसतो, डेटाच्या मापात असतो. म्हणजे आडवं मूल्य थेट मिलिसेकंदांत येतं. तेच साठवा. पिक्सेल साठवले तर ब्राउझरच्या विंडोचा आकार बदलला की सगळं चुकतं, आणि दुसऱ्या आलेखाला तर त्यांचा काहीच अर्थ लागत नाही.

२. माउस हलला की ओढीतलं ‘आत्ता’ बदला. ओढ चालू नसेल तर हा भाग सोडून द्या.

३. ओढ चालू असेपर्यंत ‘रेक्ट’नं आयत दाखवा, त्याला फक्त ‘एक्स वन’ आणि ‘एक्स टू’ द्या. उंची आपोआप पूर्ण भरते. दोन्ही आलेखांना हाच घटक मिळत असल्यामुळे आयत दोन्हीकडे एकदम वाढतो. त्यासाठी वेगळा कोड लागत नाही.

४. बटण सुटल्याचा इव्हेंट आलेखावर लावू नका. वापरणारा आलेखाबाहेर जाऊन बटण सोडतो, आलेखाला ते कळत नाही, आणि परत आल्यावर आयत कर्सरच्या मागे लागतो. ‘ब्राउझर इव्हेंट्स’मधलं ‘ऑन माउस अप’ सबस्क्रिप्शन म्हणून घ्या. सबस्क्रिप्शन हेही मॉडेलवरून ठरणारं फंक्शन असल्यामुळे ओढ चालू असेल तेव्हाच ते द्या, एरवी ‘सब नन’. शेवटचा बिंदू ओढीत साठवलेला असतोच.

५. निवड पक्की करताना आधी लहान-मोठं ठरवा. उजवीकडून डावीकडे ओढणारे बरेच असतात. ‘मिन’ आणि ‘मॅक्स’ न लावल्यास त्यांना उलटा किंवा रिकामा आलेख मिळतो.

६. निवडीत दोनपेक्षा कमी नोंदी येत असतील तर ती निवड समजू नका, नुसती क्लिक समजा. किती पिक्सेलपर्यंत क्लिक धरायची हा वाद यामुळे उद्भवतच नाही.

७. खिडकीच्या दोन्ही कडा निवडीतल्या पहिल्या आणि शेवटच्या नोंदीच्या वेळेवर बसवा. मग रेष काठापासून काठापर्यंत जाते, कडेला अर्धवट मोकळी जागा राहत नाही.

८. व्ह्यूमध्ये खिडकीतल्याच नोंदी गाळून मालिकेला द्या आणि ‘रेंज’मध्ये ‘लोएस्ट’ व ‘हायेस्ट’ला ‘एक्झॅक्टली’ लावा. मर्यादा स्पष्ट दिल्यामुळे दोन्ही आलेख एकाच वेळेला सुरू होतात आणि एकाच वेळेला संपतात.

उभ्या अक्षाचं काय? नोंदी गाळल्या की लायब्ररी उभी मर्यादाही उरलेल्या डेटावरून ठरवते. अर्ध्या अंशाचा चढउतार मग डोंगराएवढा दिसतो. तपशील शोधायचा असेल तर ते ठीक, पण आधीच्या चित्राशी तुलना करायची असेल तर दिशाभूल. माझा कल मर्यादा संपूर्ण डेटावरून एकदाच काढून ‘डोमेन’मध्ये बांधून टाकण्याकडे आहे. काहीही निवडा, पण लायब्ररीनं ठरवलं म्हणून तसं राहिलं, असं नको.

पूर्ववत करण्यासाठी दिसणारं बटण द्या. डबल क्लिक जोडीला ठेवायला हरकत नाही, पण तेवढ्यावर भागवू नका, कारण ते कुणाला सांगितल्याशिवाय कळत नाही.

ओढताना अक्षांवरची अक्षरं निळी होऊन निवडली जात असतील तर वेष्टनाला ‘युजर-सिलेक्ट’ची किंमत ‘नन’ द्या.

तपासा: उलट दिशेनं ओढा. बाहेर जाऊन बटण सोडा. मोठा केलेला भाग पुन्हा ओढा. नुसती क्लिक करा. चारही वेळा आलेख शहाण्यासारखा वागला तर पुढे चला.

## टप्पा ९: वेग, पण मोजूनच

कर्सर हलला की मेसेज येतो आणि व्ह्यू नव्यानं चालतो. काहीशे बिंदूंना हे जाणवतही नाही. अडखळत असेल तरच पुढचे उपाय करा, आणि याच क्रमानं.

पहिला उपाय, व्ह्यूमधली जड कामं बाहेर काढा. क्रम लावणं, संपूर्ण डेटाची मर्यादा काढणं ही कामं डेटा येतो तेव्हा एकदाच व्हायला हवीत.

दुसरा उपाय ‘लेझी’, म्हणजे इनपुट बदललं नसेल तर व्ह्यूचा तो भाग पुन्हा न चालवणं. पण तो आधीचं आणि आत्ताचं इनपुट हे एकच मूल्य आहे का एवढंच बघतो. आतला मजकूर सारखा असणं त्याला पुरत नाही. व्ह्यूमध्ये गाळून केलेली यादी दर वेळी नवी असते, जागेवर लिहिलेलं अनामिक फंक्शनही नवंच. अशी इनपुट दिलीत तर ‘लेझी’ लावूनही काही वाचत नाही. मूळ नोंदी, खिडकी आणि कर्सरची वेळ मॉडेलमधून थेट द्या, गाळणं आत करा. सहाव्या टप्प्यात मॉडेल जसंच्या तसं परत करायला सांगितलं ते याचसाठी: नवा ‘जस्ट’ म्हणजे ‘लेझी’च्या लेखी नवं मूल्य.

तिसरा उपाय, बिंदू कमी करा. हजारो बिंदूंचं एसव्हीजी ब्राउझरला जड जातं, आणि पडद्यावर जितके पिक्सेल आहेत त्याहून जास्त बिंदू तसेही दिसत नाहीत. सरासरीनं कमी केले तर टोकं नाहीशी होतात, आणि हवामानात बघायची असतात ती टोकंच. प्रत्येक कालखंडातली किमान आणि कमाल अशा दोन नोंदी ठेवा. खिडकी लहान झाली की मूळ नोंदी पुन्हा घ्या.

## टप्पा १०: बाहेर सोडण्याआधी

टचस्क्रीनवर माउस हलत नाही. म्हणून ‘ऑन क्लिक’लाही तोच जवळची वेळ देणारा मेसेज जोडा, म्हणजे टॅप केल्यावर माहितीची ओळ भरेल. ओढून निवडण्याऐवजी तिथे सुरुवात आणि शेवट निवडायची दोन साधी इनपुट द्या. ती खिडकीचीच मूल्यं बदलतात, त्यामुळे आलेखाच्या कोडला हात लागत नाही. कीबोर्डनं काम करणाऱ्यांचीही सोय त्यातच होते. स्क्रीन रीडरसाठी दिसणाऱ्या भागातल्या नोंदींचं साधं टेबल आलेखाखाली ठेवा.

अंतिम बांधणी ‘ऑप्टिमाइझ’ पर्याय लावून करा. कोडमध्ये ‘डिबग लॉग’ किंवा ‘डिबग टू स्ट्रिंग’ शिल्लक असेल तर एल्म ही बांधणी करून देणारच नाही. ते आधीच काढा. विकासाच्या काळात मात्र ‘डिबग’ पर्यायानं बांधा. एकेक मेसेज मागे-पुढे करून बघता येतो, आणि ओढ मधेच अडकली असेल तर नेमका कुठला मेसेज आला नाही ते त्या यादीत लगेच दिसतं.